छायालेखन आणि आपली घरे

गेल्या महिन्यातील एका रविवारी सायंकाळी आमच्या लोअर परळच्या बिऱ्हाडी डोंबिवलीहून आमची धाकटी भगिनी, तिचे यजमान व त्यांची एकुलती एक कन्या अशी तिघे आली. चहा झाला, नातेवाइकांची खुशाली झाली, आणि मग भगिनीने मूळ विषयास हात घातला. मुलगी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली आहे, गुण उत्तम आहेत, पुढे एम.एस्सी. करून ती कोठेतरी प्राध्यापिका होईल, असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु पुण्याच्या सरकारी चित्रपट शिक्षणसंस्थेत जाऊन छायालेखन शिकावयाचे, असा तिने आता निश्चय केला आहे. "दादा, तू एवढी वर्षे मुले शिकवलीस," भगिनी म्हणाली, "आता हिला तूच चार शब्द सांग. कॅमेरा धरणे ही काय विद्या झाली?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. तिच्या वडिलांचा चेहरा असा होता की, आमचा निर्णय काय होणार याविषयी त्यांस तिळमात्र शंका नसावी. आम्ही पडलो जुने मॅट्रिक. पुढचे आयुष्य शास्त्रीबोवांच्या पायाशी बसून मिळविलेल्या संस्कृतावर काढलेले. आमच्याकडून नकाराखेरीज दुसरे काय निघणार? परंतु ज्या विषयाची आपणांस माहिती नाही त्याविषयी मत देऊ नये, हे आम्ही जन्मभर मुलांना सांगत आलो. म्हणून आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले, पाहिले व आठवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण हा प्रश्न आज ना उद्या आपणांपैकी पुष्कळांच्या घरी उपस्थित होणार आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. अमरकोशात 'छाया' या शब्दाचे चार अर्थ दिले आहेत : सूर्याची पत्नी, कांती, प्रतिबिंब आणि उन्हाचा अभाव. म्हणजे जो शब्द आपण काळोखाला लावतो, तोच शब्द तेजालाही लागतो. वर्गात हा श्लोक आम्ही शेकडो वेळा घोकून घेतला असेल. पण काळोख व तेज यांना एकच नाव कसे, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. छायालेखकाचे सारे काम या एका शब्दात साठविले आहे.

देवघरातील समईचेच उदाहरण घ्या. सायंकाळी समई लागली म्हणजे मूर्तीचा एक गाल उजळतो व दुसरा अंधारात राहतो, आणि त्या अंधारामुळेच मूर्तीला गोलाई व गांभीर्य येते. तीच मूर्ती ट्यूबलाइटखाली ठेवा. सर्वांग सारखे उजळेल, पण मूर्ती भिंतीवर चिकटविलेल्या कागदासारखी सपाट दिसेल. प्रकाश वाढला, परंतु रूप हरपले. तेव्हा किती प्रकाश द्यावा यापेक्षा तो कोठे देऊ नये, हे ज्यास कळले त्यास ही कला कळली. छायालेखक साधारणतः तीन दिव्यांचा हिशेब करतो. पहिला मुख्य दिवा. तो चेहऱ्याला आकार देतो. दुसरा सौम्य, तो पहिल्याने पाडलेली सावली हवी तितकीच उजळतो, आणि पुष्कळदा तो दिवाही नसून थर्माकोलचा एक पांढरा तक्ता असतो. तिसरा पाठीमागून येतो व केसांच्या आणि खांद्यांच्या कडा उजळून मनुष्याला भिंतीपासून सोडवितो. यांपैकी एकाची जागा हातभर सरकविली तरी तेच मुख प्रेमळचे कपटी दिसू लागते.

दुसरे साधन भिंग. लांब नाभीय अंतराचे भिंग दूरच्या वस्तू जवळ आणते व त्यांच्यामधील अंतर जणू गिळून टाकते. सकाळी नऊ वाजता लोअर परळच्या पुलावरील गर्दी अशा भिंगातून टिपली, तर माणसांची एकसंध भिंतच चालून येते आहे असे वाटेल. आखूड नाभीय अंतराचे भिंग याच्या उलट वागते. चाळीतील दहा बाय बाराची खोली त्यातून ऐसपैस दिसते, आणि भिंगाजवळच्या माणसाचे नाक जरा मोठेही दिसते! तिसरे साधन म्हणजे चौकट : काय दाखवावे, काय वगळावे. आणि चौथे काळ. मूकपटाच्या दिवसांत सेकंदाला सुमारे 16 चित्रे घेत. बोलपट आल्यावर हा आकडा 24 वर स्थिर झाला. त्याहून अधिक चित्रे घेऊन नेहमीच्या गतीने दाखविली तर क्रिया मंदावते; कमी घेतली तर ती धावू लागते. आता फिल्मची जागा बहुतेक ठिकाणी अंकीय यंत्राने घेतली आहे, पण ही चारही साधने जशीच्या तशी आहेत.

एवढे समजल्यावर आमची दृष्टी आमच्याच परिसराकडे वळली. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असे वाटले. आमच्या दारापासून दोन कोसांच्या आत ही विद्या या देशात रुजली, वाढली. आणि आम्ही तिच्या अंगणात राहून तिला ओळखले नाही.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे लोकांचे सावेदादा, छायाचित्रणाच्या व्यवसायात होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला, आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती टिपली. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे 1901 मध्ये परतले, त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपून ठेवले. एका विद्वानाचा सत्कार एका कारागिराने चित्रांत धरून ठेवला. विद्वानाचे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहे, कारागिराचे किती घरांत ठाऊक आहे?

मग धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. अशा घरातील मुलगा जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात शिकला, छायाचित्रकार झाला, छापखान्यात राबला. 1910-11 च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहून, आपल्या देवादिकांची चरित्रे अशीच पडद्यावर आणावयाची, असा त्यांनी ध्यास घेतला. रात्रंदिवस चित्रपट पाहून काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. 1912 मध्ये विम्याच्या पॉलिशी गहाण टाकून ते लंडनला गेले, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. पैसे लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय दाखविले? वाटाण्याचा एक अंकुर. कुंडीसमोर कॅमेरा रोवून महिनाभराहून अधिक काळ त्यांनी ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. आणि पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता बीजातून वर येऊन वेल झाला. बीजात वृक्ष असतो हे आम्ही उपनिषदांतून मुलांना सांगत आलो. फाळक्यांनी ते डोळ्यांना दाखविले.

'राजा हरिश्चंद्र' दादरला तयार झाला, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्याची लांबी 3,700 फूट. एका फुटात 16 चित्रे; म्हणजे 59,200 चित्रे. कोरी फिल्म त्या वेळी बिनभोकांची येई. कॅमेऱ्याच्या दात्यांत बसावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना भोके पाडावी लागत. एका चित्राला एका कडेस चार, म्हणजे फुटास एका कडेला 64 आणि दोन्ही कडा मिळून 128. आम्ही त्रैराशिक मांडून पाहिले : पडद्यावर आलेल्या फिल्मपुरतीच ही भोके 4,73,600 होतात, वाया गेलेली फिल्म निराळी. हे काम काळोखातच करावे लागे, कारण प्रकाशाचा कवडसा लागला की फिल्म फुकट. आणि हे काम केले सरस्वतीबाई फाळके यांनी. दिवसा साठसत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर प्रकाश परतविणे, आणि रात्री घरचे निजल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्म चाचपीत बसणे, असा त्यांचा क्रम होता. अंगावरचे दागिनेही त्यांनी या कामी दिले. 'छाया' म्हणजे सूर्यपत्नी, या कोशातील अर्थापाशी आम्ही पुन्हा थबकलो. आपल्याकडील सुशिक्षित घरांतून पहिल्या कोणा स्त्रीने या विद्येस हात लावला असेल, तर तो या माउलीने; आणि तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. "मुलीच्या जातीला हे काम शोभेल का?" असे विचारणाऱ्या आमच्या मेहुण्यांस आम्ही प्रथम हेच सांगितले.

त्या चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे हँडल फिरविणारे गृहस्थ त्र्यंबक तेलंग. फाळक्यांनी त्यांस शिकवून तयार केले. हँडलचा वेग हाताने सांभाळावयाचा असे. मनगट चुकले की पडद्यावरचा राजा धावत सुटावयाचा! तबलजीच्या अंगी जसा लयीचा हिशेब मुरतो, तसा तो या माणसांच्या मनगटांत मुरलेला होता.

मुंबईबाहेर कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः बनविला, आणि त्यावर 'सैरंध्री' हा 1920 चा चित्रपट केला. पुढे 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या झोपडीतला अंधार पडद्यावर आणला. दारिद्र्य दाखविण्यास फाटके कपडे पुरत नाहीत, त्यास काळोखही लागतो, हे त्यांच्या चित्रकाराच्या डोळ्याने ओळखले. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी 1929 मध्ये 'प्रभात' काढली. 'अमृतमंथन'मध्ये केशवराव धायबरांनी राजगुरूचा केवळ एक डोळा साऱ्या पडद्याएवढा दाखविला. त्या एका डोळ्यात त्या पात्राचे सारे क्रौर्य मावले. 1936 च्या 'संत तुकाराम'चे छायालेखक व्ही. अवधूत. तुकोबांच्या घरातला तो साधा, मऊ उजेड आठवा. संताला तेजोवलय न देता त्याचे संतपण दाखविणे ही सोपी गोष्ट नव्हे. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला.

आता पुन्हा आमच्या परळाकडे येऊ. येथील लवजी कॅसलच्या आवारात 1933 पासून वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. त्याच जागी 1942 मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारले, आणि 1943 मध्ये तेथून पहिला चित्रपट काढला तो 'शकुंतला'. गिरण्यांच्या भोंग्यांत कण्वाचा आश्रम! त्याच स्टुडिओच्या चित्रपटांत पुढे जी. बालकृष्ण यांनी 'झनक झनक पायल बाजे' रंगांत टिपला, आणि दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, 'दो आँखें बारह हाथ' काळ्यापांढऱ्यात. एकाच हाताने रंगांची उधळण केली आणि त्याच हाताने माळरानाचा रखरखीतपणा रेखाटला.

'शकुंतला'वरून आम्हांस एक गोष्ट आठवली, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या मताचा काटा तेथेच फिरला. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरिणामागे रथ पिटाळतो, तेव्हा रथाच्या वेगामुळे जे दिसते त्याचे वर्णन करतो : जे सूक्ष्म दिसत होते ते एकदम विशाल होते, जे तुटलेले होते ते जुळल्यासारखे भासते, जे वाकडे ते सरळ दिसते, आणि क्षणभर काहीच दूर नाही व काहीच जवळ नाही. आम्ही हा श्लोक तीस वर्षे शिकविला. अन्वय सांगितला, समास सोडविले, अलंकार सांगितला. पण हे असे दिसते का, याचा अनुभव घ्यावा म्हणून एकाही विद्यार्थ्याला आम्ही कधी आगगाडीच्या खिडकीशी उभे केले नाही. दुसऱ्या रविवारी भाची एकटीच आली, तेव्हा आम्ही तिला तो श्लोक म्हणून दाखविला व अर्थ सांगितला. ती पटकन म्हणाली, "मामा, हा तर ट्रॉलीवरचा शॉट आहे!" आणि तिने कागदावर आकृती काढून आम्हांस समजाविले : पाहणारा पुढे धावू लागला की जवळच्या वस्तूंचा दृष्टिकोन झपाट्याने बदलतो, दूरच्यांचा सावकाश, म्हणून अंतराचे भान क्षणभर सुटते. जो श्लोक आम्ही केवळ वाचला होता तो तिने पाहिला होता. कालिदासही प्रथम पाहणाराच असला पाहिजे, लिहिणारा त्यानंतरचा.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. 1982 च्या गिरणी संपानंतरचे दिवस. आम्ही तेव्हा या भागातील एका शाळेत नुकतेच शिकवू लागलो होतो. वर्गात एक मुलगा होता. वडील गिरणीत, म्हणजे संपामुळे घरी. शाळेच्या पटांगणात शेजारच्या गिरणीच्या चिमणीची सावली पडे. ती कोणत्या फरशीवर आली की कोणता तास संपणार, हे तो घड्याळ न पाहता सांगे. आणि ऋतूप्रमाणे सावली सरकते, हेही त्याने आपले आपण टिपले होते. ओळखीच्या कोणी त्यास स्टुडिओत दिवे उचलण्याच्या कामावर नेण्याचे कबूल केले, तेव्हा तो आमचा सल्ला घेण्यास आला. आम्ही त्यास म्हणालो, "दिवे वाहण्यात काय आहे? टंकलेखन शीक, जन्माची भाकरी होईल." तो आज्ञाधारक होता, त्याने ऐकले. पुढे टंकयंत्रेच गेली. मध्यंतरी तो स्टेशनवर भेटला, वाकून नमस्कार केला. संसार ठीक आहे, मुले शिकली. जाता जाता हसून म्हणाला, "सर, चिमणी पाडली, पण मी अजून सावल्या बघत असतो." त्याने तक्रार म्हणून हे म्हटले नव्हते, म्हणूनच ते अधिक लागले.

आम्ही त्यास तसा सल्ला का दिला? हातांनी करावयाचे काम कनिष्ठ व पुस्तकातून करावयाचे श्रेष्ठ, ही समजूत आमच्या हाडीमाशी खिळलेली होती म्हणून. आणि ती केवळ आमची नव्हे. सरकारने 1969 मध्ये फाळक्यांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. ज्याच्या नावाचा पुरस्कार तो स्वतः कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला. पण छायालेखकाला तो पुरस्कार प्रथम मिळण्यास 2010 साल उजाडावे लागले. तो व्ही. के. मूर्ती यांना मिळाला. गुरुदत्त यांच्या 1959 च्या 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा तो प्रचंड झोत त्यांचाच. विजेच्या दिव्यांनी तसा परिणाम साधेना, तेव्हा त्यांनी आरशांनी बाहेरचे ऊन परतवून आत घेतले. सरस्वतीबाईंनी दादरला चादरीने जे केले, तेच मूर्तींनी आरशाने केले. चादर धरणारीचे नाव नामावलीत आले नाही. आरसा धरणाऱ्यांचेही आले नसावे.

मुलीच्या आईबापांच्या शंका मात्र पोकळ नव्हत्या, हेही प्रांजळपणे सांगतो. या व्यवसायात मासिक वेतनाची शाश्वती नाही; दिवसाचे बारा-चौदा तास उभे राहावे लागते; रात्रीअपरात्री घरी यावे लागते; पहिली कित्येक वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली भिंगे पुसण्यात व तारा उचलण्यात जातात. स्त्रियांनी हे काम स्वतंत्रपणे केल्याची उदाहरणे आहेत. तमिळ चित्रपटांत बी. आर. विजयालक्ष्मी यांनी 1985 मध्येच ते करून दाखविले. परंतु वाट अजून रुंद झालेली नाही. हे सर्व आम्ही भाचीपुढे मांडले. ती म्हणाली, "मामा, हे मला ठाऊक आहे. सोपे आहे असे मी म्हटलेच नाही." आपल्या पुढील कष्टांचे एवढे स्वच्छ ज्ञान प्राध्यापकी पत्करणाऱ्या किती मुलांना असते?

आम्ही भगिनीस दिलेला निर्णय असा : मुलीस प्रवेशपरीक्षेस बसू द्यावे. ती उत्तीर्ण झाली तर खुशीने पाठवावे, नाही झाली तर एम.एस्सी. आहेच. तिने पत्करलेल्या कामात पदार्थविज्ञानही आहे, चित्रकलाही आहे, आणि ज्यास आपण 'रस' म्हणतो तोही आहे. म्हणून ती विद्याच आहे. यजमानांनी मान हलविली. ती होकारार्थी होती की निरुपायाची, हे आम्हांस नीट कळले नाही. भगिनी काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने पोहे फोडणीस टाकले. थोड्या वेळाने भाचीने आत जाऊन ओट्यावरचा दिवा मालवला, खिडकीचा पडदा अर्धा सारला, आणि आईची एक छबी टिपली. ती आम्ही पाहिली. फोडणीची वाफ, खिडकीचा तिरपा उजेड, आणि त्यात आमच्या भगिनीचा चिंतेने उतरलेला, पण विलक्षण देखणा चेहरा. आमच्या आईचा चेहरा असाच होता. हे साम्य इतक्या वर्षांत आमच्या ध्यानी आले नव्हते.

भगिनीने ती छबी हातात घेतली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाली, "परीक्षेचे शुल्क किती आहे?"

वाचकांस एकच विनंती. पुढील खेपेस घरची मंडळी चित्रपट पाहावयास बसतील, तेव्हा शेवटची नामावली सरकू लागताच उठू नये. नटनटींची नावे आपणांस पाठ असतातच. त्यांना आपल्यापर्यंत ज्याने आणून पोहोचविले त्याचे नाव तेवढे वाचावे, आणि मुलांकडूनही वाचवून घ्यावे.